दहा मिनिटांचं सामान

शिडाच्या बोटीवर काही सामान असं असतं की त्याचा प्रवासाशी काडीचा संबंध नसतो. बोट पाण्यात उतरली, शिडात वारा भरला, की ते गुंडाळून कुठल्यातरी कप्प्यात जातं आणि मग महिनोन्‌महिने त्याच्याकडे कुणी बघत नाही. डोलकाठी उभी करायचं सामान हे त्यातलंच. सहा फुटांचा एक दांडा, चार-सहा दोर, दोन कड्या, कप्प्यांची एक जोडी. हंगामाच्या सुरुवातीला दहा मिनिटं, शेवटाला दहा मिनिटं, एवढंच त्याचं काम. नांगर हरवत नाही, सुकाणू हरवत नाही, हे हरवतं. जुनी बोट विकायला काढणारा माणूस शिडं किती ते सांगतो, ट्रेलरचे टायर नवे आहेत हेही सांगतो. ह्या दांड्याचा विषय तो काढत नाही आणि घेणाऱ्यालाही विचारायचं सुचत नाही.

माझी कॅटलिना 22 अशीच आली. फ्रँक बटलर यांनी आखलेली ही बोट कॅलिफोर्नियात 1969 पासून बनू लागली आणि आजवर पंधरा हजारांहून अधिक बनल्या. लांबी साडेएकवीस फूट. तळाची जड लोखंडी पाती वर ओढून घेता येते, म्हणून ट्रेलरवर चढते आणि गाडीमागून घरच्या अंगणापर्यंत येते. मिशिगनमध्ये त्याला पर्याय नाही. इथे हिवाळ्यात पाणी गोठतं. ऑक्टोबरात बोटी बाहेर काढायच्या, मे महिन्यात परत सोडायच्या. माझं आजोळ जयगडच्या खाडीकाठचं. तिथेही पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमा झाली की पाण्यात ढकलतात, त्यामुळे बंद हंगामाची हुरहूर मला नवी नाही. पण ती होडी फार तर माडाखालच्या झापांपर्यंत जायची. इथली बोट हमरस्त्याने जाते. वाटेत पूल, झाडं, विजेच्या तारा. पंचवीस फुटांची डोलकाठी आडवी करूनच न्यावी लागते, आणि आडवी केली की कधीतरी उभीही करावी लागते.

आधीचा मालक सत्तरी उलटल्यावरही एकटाच जायचा, असं त्याच्या मुलाने मला सांगितलं. वडील गेल्यावर त्याने गॅरेज रिकामं केलं. त्यात एक पाइप आणि दोऱ्यांचा गुंता होता, कशाचा ते त्याला कळेना, तेव्हा तो कचऱ्यात गेला. त्याचंही बरोबरच आहे. कामाची जागा सोडून बघितलं तर ते सामान कशाचंच दिसत नाही. पण त्या गुंत्यात म्हाताऱ्याचं एकटं जाणं होतं. गुडघे दुखत असताना, मदतीला कुणाला न बोलावता, सकाळी मनात आलं की निघणं. हे मला उमगलं आणि नवी सामग्री विकत आणण्याऐवजी त्याचीच पुन्हा जुळवता येते का बघू, असं मी ठरवलं.

अडचण वजनाची नसते. डोलकाठी पोकळ ॲल्युमिनियमची, तारांसकट पंचवीस-एक किलोची; तेवढं आपण बाजारातून उचलून आणतो. अडचण लांबीची. काठीचं बूड केबिनच्या छतावर बिजागरीत आणि टोक मागे, बोटीच्याही बाहेर. भार अर्ध्या लांबीवर, म्हणजे बिजागरीपासून साडेबारा फुटांवर धरा. आता बोटीच्या नाळेपाशी उभं राहून पुढची तार ओढली तर काय होईल? काठी आडवी असताना ती तार काठीला जवळजवळ समांतर असते. कितीही ओढा, सगळा जोर बिजागरीवर दाबला जातो; टोक हलत नाही.

तिथे तो दांडा लागतो. इथे त्याला जिन पोल म्हणतात. तो डोलकाठीच्या बुडाशी काटकोनात उभा करायचा. त्याच्या शेंड्यापासून एक दोर डोलकाठीवर वरपर्यंत आणि दुसरा कप्प्यांमधून खाली नाळेपर्यंत. दांडा सहा फूट आणि बिजागरीपासून नाळ आठ फूट, म्हणजे शेंड्यापासून नाळेपर्यंतचा तिरका दोर बरोबर दहा फूट. शाळेतला 6-8-10चा त्रिकोण! त्या दोराचं बिजागरीपासूनचं लंबांतर येतं 4.8 फूट. पंचवीस किलो गुणिले साडेबारा, भागिले 4.8: पासष्ट किलोंची ओढ. मोठ्या शिडाचा चार पदरी कप्प्यांचा दोर त्या वेळी रिकामाच असतो. तो इथे लावला की हाताला सोळा किलो, घर्षण धरून वीस. एवढं सत्तरीतला माणूस ओढू शकतो. काठी जसजशी वर येते तसतसा दांडा पुढे झुकत जातो आणि शेवटी नाळेकडे तोंड करून आडवा होतो.

ही झाली उचलण्याची बाजू. खरी भीती वेगळीच असते. अर्ध्यावर आलेली डोलकाठी कलली आणि वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या मोटरबोटीच्या लाटेने एका अंगाला गेली, की बिजागरी पिळवटते आणि काठी माणसाच्या अंगावर येते. उभ्या काठीला धरणाऱ्या बाजूच्या तारा ह्या वेळी सैल लोंबत असतात. म्हणून दोन्ही बाजूंना आखूड तात्पुरते दोर लावायचे. पण त्यांचं खालचं टोक नेमकं कुठे बांधायचं?

बोटीवर बसून मी तिचं अंग चाचपडत गेलो. डोलकाठीवर बुडापासून सहा फुटांवर दोन्ही अंगांना पोलादी कडी होती, आतून घासून चकचकीत झालेली. म्हणजे दोरांचं वरचं टोक सापडलं. बुडाशी पुढच्या बाजूला दोन चंद्रकोरीसारखे ओरखडे होते. दांड्याचं दुबेळकं तिथे टेकत असणार. पण कोड्यात टाकलं ते चार जादा शॅकलांनी, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या आकड्यांनी. बाजूच्या तारा डेकवर ज्या पट्ट्यांना बांधतात त्यांतल्या पुढच्या आणि मागच्या पट्टीला, दोन्हीकडे, एकेक छोटा शॅकल नुसताच लटकत होता. त्यांना धरून काहीच नव्हतं.

उलगडा कागदावर आकृती काढली तेव्हा झाला. बिजागरी छतावर आहे आणि पट्ट्या तिच्यापेक्षा फूटभर खाली. पट्टीला थेट दोर बांधला आणि काठी उभी असताना ताणून घेतला, तर काठी आडवी असताना तोच दोर नऊ-दहा इंच ढिला पडतो. आधाराची गरज जास्त तेव्हाच आधार नाही. दोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा ताठ राहायचा तर त्याचं खालचं टोक बिजागरीच्याच आसाच्या रेषेत हवं, आणि तिथे, डेकच्या कडेवर फूटभर उंचीला, बांधायला काहीच नाही. नुसती हवा. म्हाताऱ्याने त्या हवेत एक कडी धरून ठेवली होती! पुढच्या शॅकलपासून एक दोर, मागच्या शॅकलपासून दुसरा. दोन्ही जिथे भेटतात तिथे कडी, आणि कडीपासून वर डोलकाठीकडे तिसरा. वरच्या दोराने ओढून धरली की ती कडी आसाच्या रेषेत येऊन थांबते. हे त्याने कुठे वाचलं, कुणाला विचारलं की स्वतः शोधलं, मला सांगता येणार नाही. पण चार रिकाम्या शॅकलांवरून त्याचा सगळा विचार वाचता आला, आणि मला तो माणूस फार आवडला.

डोलकाठी पाडायची आणि उभारायची ही कटकट जुनी आहे. इंग्लंडमध्ये नॉर्फकच्या नद्यांवर वेरी नावाच्या मालवाहू शिडाच्या बोटी होत्या. नदीवर पूल ठेंगणे, आणि पुलापाशी बोट थांबवायला फुरसत नाही. त्यांनी भल्यामोठ्या डोलकाठीच्या बुडालाच जड वजन बांधून टाकलं. आमच्या आजोळच्या विहिरीवर मागे दगड बांधलेली लाट होती, तिच्यासारखी ती डोलकाठी अलगद खाली-वर व्हायची. 1898ची अल्बियन ही वेरी अजून जपून ठेवली आहे. त्यांच्या बाबतीत एक बरं की ते वजन डोलकाठीचंच अंग होतं; हरवायला वेगळं काही नव्हतं.

दांड्यासाठी ॲल्युमिनियमचा जाड पाइप आणला. दोरांना नायलॉन नको, तो ताण बसला की लांबतो. मी पाच मिलिमीटरचा डायनिमा घेतला. पाण्यावर तरंगणारा, पोलादी तारेच्या तोडीचा, पण इतका गुळगुळीत की गाठ मारली तर सरकते. त्याला गाठ मारायची नसते, दोर दोरातच ओवायचा असतो. बारा पदरांची पोकळ वीण सुईने उघडायची, टोक आत सारायचं आणि जाडीच्या 72 पट, म्हणजे छत्तीस सेंटिमीटर, आत पुरायचं. पुरण्याआधी टोकाचे पदर एकेक करून कमी करत ते निमुळतं करायचं, नाहीतर जिथे ते संपतं तिथे दोराला खांदा राहतो आणि तो तिथेच तुटतो. ओढ बसली की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळते. जितकी ओढ तितकी पकड. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रात्री हे काम करताना मला वेळेचं भान राहत नसे.

मे महिन्यात बोट रॅम्पपाशी नेली. आधी मान वर करून तारा बघितल्या. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीने विजेच्या तारेला स्पर्श करून माणसं मेलेली आहेत. होबी कॅट ह्या बोटी बनवणाऱ्या कंपनीने त्यापायीच आपल्या डोलकाठीचं वरचं टोक फायबरग्लासचं करायला घेतलं. ही नजर टाकल्याशिवाय दोराला हात लावू नये. मी दोर ओढायला बसलो, मुलगी मागे उभी राहिली. काठी टेकणीवरून सुटली आणि दोन्ही कड्या हवेत उठून ताठ झाल्या. मध्यावर आली तेवढ्यात मुलगी ओरडली, "बाबा, थांब! तार खिडकीच्या कडेला अडकलीय." दोर खुंटीला आवळला, दोन्ही हात सोडले. काठी पंचेचाळीस अंशांत तशीच उभी, जराही न डुलता. मुलीने तार सोडवली आणि मी पुन्हा ओढायला लागलो.

पुढच्या तारेची पिन घातली आणि सगळं उतरवलं. दोर, कड्या, कप्प्या जाड कापडाच्या पिशवीत. दांडा आतल्या बाकाच्या बाजूला पट्ट्यांनी बांधून. पिशवीवर 'डोलकाठी उभारायचं सामान, बोटीबरोबर द्यावं' असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. कप्प्याच्या झाकणाला आतून आकृती चिकटवली, प्रत्येक दोराच्या मापासह. डाव्या आणि उजव्या बाजूची मापं वेगवेगळी घातली आहेत, कारण ह्या बोटीचं डावं अंग उजव्यापेक्षा पाऊण इंचाने मोठं आहे.