लॉट बदलला, मॅडम

"तुमच्याकडे लाइट जात असेल ना, मॅडम?" अँटिबॉडी विकणाऱ्या कंपनीच्या माणसाचा हा प्रश्न आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. सुट्टीत बिडकीनला घरी होते, बोलता बोलता गावाचं नाव सांगितलं आणि याने तिकडून निदान करून टाकलं. अँटिबॉडीची कुपी होती शहरातल्या प्रयोगशाळेत, जनरेटर असलेल्या उणे वीसच्या फ्रीजरमध्ये. पण मराठवाडा म्हटलं की लोडशेडिंग, एवढंच मुंबईत बसून कळतं. आमच्या शेजारी दहा हजार एकरांची औद्योगिक नगरी उभी राहतेय, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

काम नेहमीचंच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या कर्करोगाच्या पेशी, त्यांच्यावर एका वनस्पतीचा अर्क, आणि त्याने सीडीके-१ कमी होतं का ते पाहायचं. पेशीला विभाजनात ढकलणारं हे प्रथिन. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं ते याच घराण्याच्या कामाबद्दल. पेशींतली प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करायची, पडद्यावर उतरवायची आणि वर अँटिबॉडी सोडायची. ती आपलं प्रथिन शोधून चिकटते आणि ३४ किलोडाल्टनपाशी पट्टी उमटते.

पहिल्या कुपीने एकच स्वच्छ पट्टी दिली. ती संपली म्हणून दुसरी मागवली. कॅटलॉग नंबर तोच, लेबल तेच, शंभर मायक्रोलिटरला तीस-बत्तीस हजार रुपये. दोन पट्ट्या आल्या. बफर नवे केले, जेल बदललं, तरी दोनच.

मग मेलामेली सुरू झाली. आधी म्हणाले, साठवण नीट नाही. निम्मं ग्लिसरॉल घातलेला द्रव उणे वीसला गोठतही नाही, असं मी कळवलं. मग म्हणाले, दुसरी पट्टी त्याच प्रथिनाचं फॉस्फेट चिकटलेलं रूप असेल. हे अगदीच खोटं नव्हतं, सीडीके-१ ची अशी रूपं असतात. म्हणूनच जास्त चीड आली. सरांनी पुण्याच्या एका ओळखीतून शुद्ध सीडीके-२ मिळवलं, ते शेजारच्या खाचेत भरलं. सीडीके-१ चा तिथे लवलेशही नाही आणि पट्टी ठळक! ही अँटिबॉडी चुलतभावालाही धरत होती. सीडीके-१ मध्ये २९७ अमिनो आम्लं, सीडीके-२ मध्ये २९८. चेहरेपट्टी बरीच सारखी. पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. सीडीके-२ नसलेले उंदीर जगतात, सीडीके-१ नसेल तर गर्भच वाढत नाही.

फोटो पाठवला. उत्तर आलं की तुमच्या पेशींवर आम्ही चाचणी घेतलेली नाही. फारच ताणून धरल्यावर तो माणूस फोनवर म्हणाला, "लॉट बदलला आहे, मॅडम." म्हणजे ससा बदलला. ही पॉलिक्लोनल अँटिबॉडी. सशाला टोचून त्याच्या रक्तातून काढतात. नव्या सशाचं रक्त नवं, लेबल मात्र जुनंच. हे आधी सांगायला काय जात होतं?

घरी अण्णांना सगळं सांगितलं. ते कापूसवाले; बोगस बियाण्याचा चटका त्यांनी खाल्लेला. त्यांनी एकच विचारलं, "मग पंचनामा कुणी करायचा?" बियाणं फसलं तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, समिती बांधावर येते. भरपाई मिळेलच असं नाही, पण कुणी तरी येतं. आमच्या कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' एवढं छापलं की विषय संपला.

आणि हे आमचंच रडगाणं नाही. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडी तपासल्या. नेमकं प्रथिन न ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर दर प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध उभे होते.

आता मला राग नक्की कशाचा आहे, हेही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या कुपीने निदान दोन पट्ट्या दाखवून सावध तरी केलं. पहिली एकच दाखवायची, आणि एक पट्टी म्हणजे बरोबर, असं सगळेच धरून चालतात. दोन्ही प्रथिनांचं वजन इतकं जवळचं की ती एक पट्टी नक्की कुणाची होती, देव जाणे. तपासायला तिचा थेंबही उरला नव्हता. ती आकृती प्रबंधातून काढली.

शेतकऱ्याला पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं जपून ठेवायला सांगतात. प्रयोगशाळेतल्या पोरापोरींनो, तुम्हीही जुन्या कुपीच्या तळाचे पाच-दहा मायक्रोलिटर जपा. नवी आली की दोन्ही एकाच नमुन्यावर चालवून पाहा. शोधनिबंधात लॉट नंबर लिहा, संपादकाने मागितला नाही तरी. आणि जमलं तर रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घ्या. तिथे सशाचा संबंध राहत नाही.

आम्हीही शेवटी तीच घेतली. त्याच कंपनीची. पुढच्या खरेदीवर ते सूट देत होते, आणि अनुदानात तेवढेच पैसे उरले होते.