जुन्या डिस्कचे दप्तर

जबलपूरहून कटनीकडे जाताना साधारण ४० किलोमीटरवर सिहोरा लागते. येथील सरकारी निवासात राहावयास आलो तेव्हा सामानात माझा जुना संगणकही होता. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन होत असे. अखेर एका रविवारी त्यात नवी एसएसडी बसविली. ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क मात्र काढली नाही. मुख्य कारभार नवीकडे सोपवावा आणि जुनीने केवळ दप्तर सांभाळावे, असा विचार.

विंडोज नव्याने टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, हे आधीच वाचले होते. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज नव्या डिस्कवर बसते, पण ती सुरू करणाऱ्या फाइली जुनीवरच राहू शकतात. प्रभार दिला, पण तिजोरीची किल्ली जुन्या अधिकाऱ्याच्याच खिशात, असा तो प्रकार!

पुढे केबल जोडली, बायोसमध्ये नवीला पहिला क्रम दिला आणि जुन्या डिस्कवरील माझे फोल्डर उघडू गेलो, तो उत्तर आले : आपणांस परवानगी नाही. विंडोज माणसाला नावाने नव्हे, खाते उघडताना दिलेल्या लांबलचक क्रमांकाने ओळखते, आणि नव्या खात्याचा क्रमांक निराळा होता. एकाच नावाचे दोन खातेदार असलेल्या फेरफाराच्या प्रकरणांत मी कित्येकांना पुरावा आणा म्हणून परत पाठविले आहे. येथे मी निदान प्रशासक होतो. फोल्डरची मालकी स्वतःच्या नावे करून घेतली.

आत आईची पत्रे होती. ती नागपूरला सांगत असे आणि भाचा टाइप करून ईमेलने पाठवी. पत्र उघडले तर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो युनिकोडपूर्व फॉन्ट. असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवीत. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय झाली होती, पण जुन्या फॉन्टची सवय आपल्या मंडळींनी वर्षानुवर्षे सोडली नाही; सरकारी कचेऱ्या तर नाहीच नाही.

फॉन्ट पत्रांजवळ नव्हता. तो होता जुन्या विंडोजच्या फोल्डरमध्ये, जे निरुपयोगी समजून मी तासाभरापूर्वीच पुसावयास निघालो होतो. जेवणाची हाक आली म्हणून ते राहिले. रेकॉर्ड रूममधील जुने कागद नष्ट करण्याच्या याद्यांवर मी आजवर अनेक सह्या केल्या आहेत. त्यांतील किती याद्या नीट वाचल्या, हे सांगण्याचे धैर्य मला नाही.

फॉन्ट नव्या डिस्कवर घेतला. पत्रांची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवली, कारण जुन्या डिस्कवरची एकुलती एक प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. मग २००६ सालचे पहिले पत्र उघडले. घरपट्टीची पावती कुठे ठेवली आहेस, असे आईने विचारले होते. ती अजून सापडलेली नाही.