५१२ की १ टीबी? जरा थांबा!

'मॅडम, पाचशे बारा देऊ की एक टीबी?'

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या छोट्याशा दुकानात काउंटरमागच्या दादाने हे इतक्या सहज विचारलं, जणू वडापावात सुकी चटणी घालू की गोड! माझ्या मात्र पोटात गोळा. दोन्हींच्या किमतीत काही हजारांचा फरक. तेवढे पैसे मिळवायला माझ्यासारख्या फ्रीलान्सरला दोन लेख लिहावे लागतात आणि त्यांचा चेक यायला तीन महिने लागतात!

'एक मिनिट हं,' म्हणत मी फुटपाथवर आले आणि आयटीतल्या मित्राला फोन लावला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? जास्त जागा घ्यायची, विषय संपला. मलाही तसंच वाटायचं. मासकॉमला असताना, २०१८ मध्ये घेतलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये चांगली १ टीबीची हार्ड डिस्क होती. जाम मिरवायचे मी. सिनेमे, ट्रिपचे फोटो, अर्धवट लेख, सगळं त्यात. आणि माझे सगळे इंटरव्ह्यूसुद्धा.

त्यातला एक खास होता. २०२२ मध्ये लालबागच्या एका चाळीत मी एका काकूंना भेटले होते. १९८२ च्या गिरणी संपाच्या आधीपासून त्या कामगारांसाठी खाणावळ चालवायच्या. संप लांबला, पगार बंद झाले, तरी ज्यांना उधारीवर जेवू घातलं त्यांची नावं त्यांना तोंडपाठ. तीन तास बोलल्या. मी फोनवर रेकॉर्ड केलं, लॅपटॉपवर टाकलं आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून तिथून उडवलं.

गेल्या वर्षी एका रात्री लॅपटॉपमधून टक् टक् असा आवाज यायला लागला. सकाळी स्क्रीन काळी. डेटा काढून देणाऱ्याने आठवडाभर ठेवून घेतला आणि 'आतली तबकडीच खरवडलीय, काही निघणार नाही' म्हणून परत दिला. पंधरा दिवसांनी काकूंच्या मुलीचा फोन. 'आई गेली गं. तिचा आवाज तुझ्याकडे आहे ना?'

'बघते,' एवढंच म्हटलं मी. खरं सांगायची हिंमतच झाली नाही.

तेव्हापासून भावाच्या लॅपटॉपवर दिवस ढकलले आणि शेवटी पैसे साठवून लॅमिंग्टन रोड गाठला. म्हणूनच त्या दादाच्या प्रश्नाने मला एवढं टेन्शन आलं.

मित्र फोनवर म्हणाला, 'अगं, आधी आकडा बघू नकोस. आत नंतर काय बदलता येतं ते विचार.'

बॉस, सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे! हल्लीच्या बऱ्याच स्लिम लॅपटॉपमध्ये रॅम थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते. आज ८ जीबी घेतली की लॅपटॉप असेपर्यंत ८ जीबीच. माहितीपत्रकात 'ऑनबोर्ड' किंवा 'एलपीडीडीआर' दिसलं, की बहुतेक वेळा हाच मामला. एसएसडीचं मात्र तसं नाही. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये ती एम.२ नावाच्या स्लॉटमध्ये स्क्रूने बसवलेली असते. स्क्रू काढा, मोठी बसवा. अगदी स्वस्तातल्या काही मॉडेल्समध्ये ईएमएमसी असते, तीही बोर्डालाच चिकटलेली. आणि मॅकबुक घेणार असाल, तर रॅम आणि स्टोरेज दोन्ही घेतानाच नीट ठरवा. नंतर दोन्ही वाढवता येत नाही.

म्हणजे हिशेब सोपा. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आज पैसे घाला. जे बदलता येतं, त्याला थोडं थांबता येतं. एक पथ्य मात्र पाळा. 'पुढे स्वस्त होईलच' या भरवशावर राहू नका. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरमुळे मेमरी चिपची मागणी वाढली आणि रॅम, एसएसडीचे भाव उतरायच्या ऐवजी चढले होते.

दुसरा प्रश्न, खरंच लागतं किती? ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये जेमतेम ४७६ दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं हं! कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातून विंडोज आणि सॉफ्टवेअर आपला वाटा घेतात. उरलेल्यात माझं काम आरामात मावतं. साध्या एमपी३ मध्ये तासाभराचं बोलणं ६० एमबीच्या आतच राहतं. तुम्ही फोर-के व्हिडीओ एडिट करत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे एकेक मिनिट शेकडो एमबी खातं. तुम्ही सरळ १ टीबी घ्या.

मी आत गेले आणि दादाला विचारलं, 'रॅम सोल्डर्ड आहे? दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे? मी झाकण उघडलं तर वॉरंटी राहील?' दादा दोन सेकंद गप्प. मग चहा मागवला!

शेवटी १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि एक रिकामा स्लॉट, असा लॅपटॉप घेतला. वॉरंटीचं उत्तर कंपनीकडून ईमेलवर लेखी घेतलं. वाचलेल्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क आली.

कारण परतताना ट्रेनमध्ये एक गोष्ट लख्ख कळली. काकूंचा आवाज ५१२ नेही वाचला नसता आणि १ टीबीनेही नाही. माझ्याकडे जागा कमी नव्हती, कॉपी एकच होती. एसएसडी तर पुष्कळदा टक् टक् न करताच जाते. बॅकअपचा जुना नियम आहे ३-२-१. तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक लॅपटॉपवर, एक त्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. दर रविवारी सकाळी, चहा होईपर्यंत काम होतं.

मागच्या महिन्यात लालबागला गेले. काकूंच्या मुलीला खरं काय ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी माझ्या वहीतल्या तेव्हाच्या नोंदींची झेरॉक्स तिच्या हातात ठेवली. तिने वाचली आणि मग स्वतःच सांगायला लागली, आई भाकऱ्या किती पहाटे थापायची, कोणाची उधारी कधीच मागायची नाही. मी विचारलं, 'रेकॉर्ड करू?'

नव्या लॅपटॉपवरची पहिली फाइल तिची आहे. ५० मिनिटं, ४८ एमबी. आणि हो, तीन ठिकाणी.