हे उपकरण सुरक्षित नाही

आबांच्या बँकेच्या अ‍ॅपने मला हे वाक्य दाखवलं त्याला वर्ष होत आलं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

फोन 2017 चा. कंपनीने अँड्रॉइड 7 वर सोडून दिलेला, शेवटचा सिक्युरिटी पॅच 2018 चा. मी चाकणला कारखान्यात क्वालिटीत आहे, फोनचे हे उद्योग हौसेने शिकलेलो. लिनेजओएस 19, म्हणजे अँड्रॉइड 12 चढवायचं ठरवलं. बूटलोडर, म्हणजे फोनवर कोणती सिस्टिम चालू द्यायची ते ठरवणारं कुलूप, अनलॉक वगैरे झालं. कर्नल 3.18 चा; अँड्रॉइड 12 ला नेटवर्कसाठी जे ईबीपीएफ लागतं ते त्यात पुरेसं नाही. कुणा भल्या माणसांनी जुन्या कर्नलसाठी पॅच करून ठेवले होते, ते बसवले.

कॅमेऱ्याने मात्र तीन आठवडे खाल्ले. कर्नलचा सोर्स जीपीएलमुळे कंपनीला द्यावा लागतो, कॅमेऱ्याच्या बंद फाइली नाही. त्या अँड्रॉइड 7 साठी बनलेल्या. नव्या सिस्टिममध्ये जुनं फंक्शन सापडलं नाही की कॅमेरा तिथेच कोसळायचा. मग लॉग काढा, त्या नावाची शिम लिहा. (आमच्याकडे फिक्स्चरखाली गॅप भरायला पत्र्याची शिम घालतात, तोच प्रकार.) बिल्ड लावून सेकंड शिफ्टला जायचं, मध्यरात्री बसमधून उतरून घरी यावं तर स्क्रीनवर एरर. कंपन्या फोन मुद्दाम मारतात, असं मी कॅन्टीनमध्ये तावातावाने बोलायचो. त्या तीन आठवड्यांत गप्प झालो. एका मॉडेलला एवढी मरमर, मग त्यांनी तरी किती मॉडेलांना करावी?

कॅमेरा चालला त्या दिवशी मित्रांना दाखवायला फोन कंपनीत नेला. गेटवर सिक्युरिटीने सवयीने लेन्सवर स्टिकर चिकटवला.

आणि मग ते अ‍ॅप. त्याला एवढंच दिसतं, की बूटलोडर उघडा आहे. 2018 पासून एकही भोक न बुजवलेला फोन मात्र त्याला चालत होता. दार कुजलं तरी हरकत नाही, कुलूप कंपनीचं हवं! सुरक्षाच बघायची तर पॅचची तारीख बघा ना. शाखेत विचारलं, तर म्हणे नवा फोन घ्या.

आबा म्हणाले, "अरे, आधी चालत होतं की. होतं तसं कर."

केलं. जुनं अँड्रॉइड 7 टाकलं, बूटलोडर लॉक केला. अ‍ॅप पहिल्या फटक्यात उघडलं. पिंपरीच्या मंडईत आबा आजही त्याच फोनवरून भाजीचे पैसे देतात. पॅच 2018 चाच आहे.