मोरीची कंबर

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भोपाळात आमची आणि मोरीची गाठ पडावी, हा योग विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने जुळवून आणला. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, नागपूरच्या कचेऱ्या इकडे हलल्या आणि त्यांच्याबरोबर आमचे वडीलही आले. आई मूळची मालवणची. बड्या तलावातील रोहू ती आमच्यासाठी रांधी खरी, पण गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणायला तिची जीभ अखेरपर्यंत वळली नाही. आठवण काढायची ती मोरीची. मुंबईकडे जिला मुशी म्हणतात तिची. पुढे आम्ही बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले, तेव्हा पुस्तकातला ‘स्कोलिओडॉन’ म्हणजे आईची मोरीच, हे ध्यानात आले.

प्रयोगशाळेत ती फॉर्मालिनच्या बरणीतून येई. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिच्याकडे निरखून कोण पाहणार? ग्रंथालयात थिलयंपलम बाईंचा १९२८ साली लखनौहून प्रसिद्ध झालेला स्कोलिओडॉनवरील ग्रंथ होता. त्यातल्या आकृत्या गिरवणे अधिक सुखाचे वाटे. अखेरच्या वर्षी तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारले, “हिची श्रोणिमेखला, म्हणजे कमरेचा सांगाडा, कोणत्या मणक्याला जोडलेला आहे?” आम्ही आपली स्वतःची कंबर आठवून एक आकडा ठोकून दिला. ते शांतपणे म्हणाले, “दाखवा.” समोर कापलेली मोरी होती. आम्ही चिमट्याने बराच वेळ शोधले. जोड सापडेना, कारण तो नव्हताच. गुण गेले त्याचे दुःख ओसरले. पण जे चित्र शंभरदा काढले ते एकदाही पाहिले नव्हते, ही लाज मात्र घरी आल्यावरही जेवू देईना.

त्या सुटीत मालवणला मावशीकडे गेलो. तिने मोरी आणवली होती. उकळते पाणी ओतून ती सुरीच्या पाठीने कानशीसारखी खरखरीत कातडी सोलू लागली. आम्ही तिच्याकडून एका बाजूचे पुढचे आणि मागचे पर, कमरेच्या भागासकट, मागून घेतले. “मोरीक काटे नसतत रे,” असे म्हणून ती हसली. ते खरेच आहे. मोरीच्या अंगात अस्सल हाड नाही, सारा सांगाडा कूर्चेचा, वर चुन्याच्या बारीक कणांचे कवच. गरम पाण्याने मांस सुटत गेले आणि तासाभरात पाटावर तो सांगाडा मांडला गेला.

पुढच्या पराच्या, अंसपक्षाच्या, बुडाशी तीन तुकडे शेजारी शेजारी बसलेले. पुढचा लहान, मागचा सर्वांत मोठा. त्यांतून अरांसारख्या कांड्या बाहेर पसरतात आणि त्यांच्याही पलीकडे पराच्या कडेपर्यंत शिंगासारख्या द्रव्याचे बारीक तंतू. चिनी लोक सूप करतात ते याच तंतूंचे. त्यापायी जगभर इतके शार्क मारले गेले की, भारताने २०१५ साली परांची निर्यातच बंद केली. हे तीन तुकडे ज्या खांद्याला टेकतात तो घोड्याच्या नालेसारखा पोटाखालून वळलेला एकच कूर्चेचा तुकडा आहे. तो मांसात रुतलेला असतो, कण्याला कोठेही शिवत नाही. मागच्या पराची तऱ्हा याहून साधी: पोटाच्या भिंतीत एक आडवी कांडी, तिच्या टोकाला मागे जाणारी लांब पट्टी आणि त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला कांड्यांची रांग. परीक्षकांनी विचारलेली कंबर ती हीच, एवढीशी आडवी कांडी.

आमच्या कमरेला साऱ्या देहाचा भार पायांवर उतरवायचा असतो, म्हणून ती कण्याला घट्ट बांधलेली. मोरीचा भार पाणीच उचलते. बड्या तलावातल्या रोहूचा खांदा मात्र सरळ कवटीला अडकवलेला आहे आणि मोरीच्याच गोतातल्या पाकटाचा तर कण्याला. शार्कचे पुढचे पर विमानाच्या पंखांसारखे त्याला सतत उचलून धरतात, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. २००० साली बिबट्या शार्कवर केलेल्या निरीक्षणांत आढळले की, सरळ पोहताना त्या परांचा उचलण्यास फारसा हातभार नसतो. वर वा खाली वळताना ते खरे कामी येतात. म्हणजे तेथेही आम्ही चित्रावरच भिस्त ठेवली होती!

पुढे भोपाळातच एका महाविद्यालयात प्रयोग घेताना आम्ही विद्यार्थ्यांना आकृतीआधी गरम पाण्याचे पातेले देत असू. आमच्या निवृत्तीनंतर, २०१४ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिविच्छेदन थांबवण्यास सांगितले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी एक मोरी, तीही बहुतेकांनी न बघता टाकून द्यायची, हा हिशेब कधीच नीट नव्हता.

मावशीच्या पाटावरचे ते पर वाळवून पुठ्ठ्यावर शिवलेले अजून आमच्या कपाटात आहेत. गेल्या पावसाळ्यात दमटपणाने पुढच्या पराच्या चार कांड्या गळून पडल्या. आम्ही त्या डिंकाने चिकटवल्या, नातीने पुस्तकाशी ताडून पाहिल्या आणि दोन उलट बसल्याचे दाखवले. डिंक भिजवून त्या पुन्हा काढायच्या आहेत.