शेफील्डचा संन्यासी

न्यायनिवाडे हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावेत असे गद्य आहे, असे आम्ही दोघे वर्गात अधूनमधून सांगत असतो. निवाड्यात प्रत्येक वाक्याला पुढच्या वाक्याचा भार पेलावा लागतो. निवाडा देणाऱ्याला कठोर व्हायचे असते तेव्हा हे काम फारसे अवघड नसते. त्याला दया दाखवायची असते तेव्हा मात्र गद्याची खरी परीक्षा होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने नेमलेल्या एका स्वतंत्र आयोगाने २७ एप्रिल २००७ रोजी दिलेला निर्णय आम्हांला आठवत राहतो तो याच कारणाने. फुटबॉल हा आमचा विषय नव्हे. पण हा निर्णय खेळापेक्षा शिक्षेविषयी अधिक बोलतो.

प्रकरण जुने असले तरी थोडक्यात सांगायला हवे. ऑगस्ट २००६ च्या अखेरच्या दिवशी लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेडने ब्राझीलच्या कोरिंथियन्स क्लबकडून कार्लोस तेवेझ आणि हावियेर मास्चेरानो हे दोन अर्जेंटिनी खेळाडू आणले. हे खेळाडू आले कसे, हे कोणालाच नीट उमगेना. कारण त्यांचे आर्थिक हक्क कोरिंथियन्सकडे नव्हतेच. ते गुंतवणूकदार कंपन्यांकडे होते. या व्यवहाराला आपल्याकडची उपमा द्यायची तर उभे पीक गहाण टाकण्याची द्यावी लागेल. पीक शेतात, राबणारा शेतकरी, पण कापणीचा दिवस ठरवणार सावकार. वेस्ट हॅमने केलेल्या करारांत या कंपन्यांना खेळाडू क्लबमधून हलवण्याचा एकतर्फी अधिकार दिलेला होता. संघाच्या धोरणावर किंवा कामगिरीवर त्रयस्थाचा प्रभाव पडेल असा करार करू नये, हा लीगचा नियम. शिवाय लीगशी निखळ सचोटीने वागावे, हा दुसरा. वेस्ट हॅमने दोन्ही मोडले. करार लपवले, आणि विचारणा झाली तेव्हा अधिकाऱ्याने खोटे सांगितले, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

शिक्षा काय? ५५ लाख पौंड दंड. गुणकपात नाही.

(‘दंड’ या शब्दाचा अर्थ आजच्या मराठीत बहुधा पैशापुरताच उरला आहे. दंडनीतीतला दंड तसा नव्हता, हे येथे जाता जाता नोंदवतो.)

आयोगाने दिलेली कारणे वाचताना सहानुभूती वाटू लागते, हे कबूल करायला हवे. क्लबने आरोप मान्य केले होते. नोव्हेंबर २००६ मध्ये क्लबची मालकी बदलली होती; म्हणजे ज्यांनी लबाडी केली ते गेले आणि शिक्षा ऐकायला दुसरेच उभे राहिले. मोसम संपत आला होता; जानेवारीत गुण कापले असते तर सावरायला अवधी होता, एप्रिलच्या अखेरीस कापले तर खालच्या श्रेणीत घसरण जवळजवळ निश्चित होती. आणि खेळाडू व चाहते यांचा यात काय दोष? आपल्या भाषेत सांगायचे तर चोर सोडून संन्याशाला सुळी जाईल, ही आयोगाला भीती होती.

रामशास्त्र्यांचे नाव अशा वेळी आपल्याकडे हमखास निघते. पण रामशास्त्र्यांसमोरचा अपराधी एक माणूस होता. त्याला नाव होते, पद होते. क्लब नावाचा अपराधी नेमका कोण? मालक, संचालक, पगारी खेळाडू, की पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी मैदानाकडे जाणारी माणसे? आयोगाने हा प्रश्न मनावर घेतला, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. आयोगाने संन्यासी शोधला तो एकाच गावात.

लीग ही बंद वही असते. वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने, आणि तळाचे तिघे खाली. या वहीत एकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या खात्यातून वजा होते. दंडाची रक्कम मात्र वहीबाहेर भरली जाते. आत मिळवलेले तसेच राहते. निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी वेस्ट हॅमने विगनला ३-० असे हरवले. तेवेझ खेळत होता, कारण क्लबने तो करार रद्द केल्याचे जाहीर केले आणि लीगने त्याची नोंदणी कायम ठेवली. मार्चपर्यंत एकही गोल न करू शकलेल्या या खेळाडूने त्या मोसमाच्या अखेरच्या टप्प्यात सात गोल केले. १३ मे रोजी, शेवटच्या दिवशी, त्याच्याच गोलने वेस्ट हॅमने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवले. त्याच दुपारी शेफील्ड युनायटेड घरच्या मैदानावर विगनकडून १-२ हरले. दोघांचेही ३८ गुण. गोलफरकात विगन उणे २२, शेफील्ड उणे २३. एका गोलाने शेफील्ड खाली गेले. वेस्ट हॅम ४१ गुणांवर वर राहिले. तीन गुण कापले असते तर तेही ३८ वरच असते आणि त्यांचा गोलफरक उणे २४ होता.

आम्ही काही वर्षे महाविद्यालयातील परीक्षा-गैरप्रकार समितीवर काढली आहेत. तेथेही हाच पेच असतो, फक्त प्रेक्षक नसतात. चिठ्ठी सापडते मार्चमध्ये. समितीची बैठक होते जूनमध्ये, प्रवेशाच्या याद्या लागण्याच्या बेतात असताना. मग कोणीतरी म्हणतो, आता पेपर रद्द केला तर मुलाचे वर्ष जाईल. समोर मुलगा बसलेला असतो, बाहेरच्या बाकावर त्याचे आईवडील. वडिलांच्या हातातली पिशवीसुद्धा आम्हांला आठवते. प्रतीक्षायादीतला पुढचा विद्यार्थी मात्र त्या खोलीत कधीच नसतो. त्याला अशी बैठक झाली हेही कळत नाही. उशीर हे सौम्यतेचे कारण ठरू लागले की उशीर करणे हाच बचाव होतो, आणि वेस्ट हॅमच्या बाबतीत तो उशीर निम्मा तरी लपवाछपवीतूनच आला होता. जे जानेवारीपूर्वी उघड केले असते तर जानेवारीतच निकाली निघाले असते, ते न सांगितल्याचा लाभ एप्रिलमध्ये मिळाला.

शिवाय ही दया सर्वांच्या वाट्याला येते असेही नाही. त्याच मोसमात एएफसी विम्बल्डन या छोट्या क्लबचे, कितीतरी खालच्या श्रेणीत, प्रथम १८ गुण कापले गेले. अपराध असा की जर्मेन डार्लिंग्टन हा खेळाडू वेल्समधील कार्डिफकडून आला होता आणि त्याचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र घ्यायचे राहून गेले होते. लपवाछपवी नाही, सावकार नाही, कारकुनी चूक. अपिलात १८ चे ३ झाले, म्हणजे तेथेही शेवटी कोणीतरी विचार केला. पण आरंभ कोठून झाला ते पाहावे: छोट्याच्या बाबतीत नियमापासून, मोठ्याच्या बाबतीत परिणामापासून. याच प्रीमियर लीगने १९९७ मध्ये मिडल्सब्रोचे तीन गुण कापले होते. डिसेंबरमध्ये आजारपणामुळे पुरेसे खेळाडू नाहीत म्हणून त्यांनी ब्लॅकबर्नविरुद्धचा सामना खेळला नव्हता. त्या तीन गुणांमुळेच ते खाली गेले. मिडल्सब्रोलाही चाहते होते.

शेफील्डने दाद मागितली. जुलै २००७ च्या लवाद मंडळाचा निकाल तर आम्हांला अधिकच अस्वस्थ करतो. आम्ही असतो तर बहुधा गुण कापले असते, पण हा निर्णय बदलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, असे त्याचे सार. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये लॉर्ड ग्रिफिथ्स यांच्या लवादाने तेवेझ नसता तर वेस्ट हॅमला किमान तीन गुण कमी मिळाले असते, असा निष्कर्ष काढून भरपाईचा मार्ग मोकळा केला. मार्च २००९ मध्ये दोन्ही क्लबांत तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही, वृत्तपत्रांनी ती दोन कोटी पौंडांच्या आसपास सांगितली. अकरा जणांच्या खेळात एका माणसाचे मोल गुणांत मोजणे धाडसाचेच. एखाद्या नाटकातून एक पात्र वगळून उरलेल्या प्रयोगाला किती टाळ्या पडल्या असत्या ते सांगण्यासारखे. तरी हे धाडस करायलाच हवे होते, असे आम्हांला वाटते, कारण मोजणे अवघड म्हणून नुकसान शून्य धरणे हेही एक मोजणेच आहे. शेफील्ड प्रीमियर लीगमध्ये परतले २०१९ मध्ये. मधल्या काळात ते तिसऱ्या श्रेणीतही गेले.

आणि सावकार? आयोगाचा अधिकार क्लबवर होता, कंपन्यांवर नव्हता. प्रीमियर लीगने २००८ मध्ये त्रयस्थ मालकीवर सरसकट बंदी घातली, फिफाने ती १ मे २०१५ पासून जगभर लागू केली. पण मूळ विषमता गेली नाही. बेल्जियमच्या सेराँ या लहानशा क्लबने डोयेन या गुंतवणूक कंपनीशी करार केला तेव्हा फिफाने क्लबवर चार हस्तांतर-हंगामांची नोंदणीबंदी घातली; क्रीडा लवादाने २०१७ मध्ये ती तीनवर आणली. डोयेन फिफाची सदस्य नव्हती, त्यामुळे फिफाच्या शिस्तीचा हात तिच्यापर्यंत पोहोचणारच नव्हता. नेदरलँड्सच्या ट्वेंटे क्लबलाही याच कंपनीशी केलेला करार लपवल्याबद्दल डिसेंबर २०१५ मध्ये तेथील महासंघाने तीन वर्षे युरोपीय स्पर्धांपासून दूर ठेवले. गहाणखत लिहून देणारा कोर्टात, लिहून घेणारा घरी.

शेफील्डच्या बाबतीत एक गोष्ट राहिली. ती त्यांच्या बाजूची नाही, तरी सांगायला हवी. विगनविरुद्ध बरोबरी झाली असती तरी ते वाचले असते. मध्यंतराच्या तोंडावर विगनला पेनल्टी मिळाली आणि ती डेव्हिड अन्सवर्थने मारली. हा अन्सवर्थ जानेवारीपर्यंत शेफील्डचाच खेळाडू होता. त्याच मोसमात त्याने त्यांच्याकडून एक पेनल्टी वाया घालवली होती, आणि शेफील्डने त्याला मोकळ्या मनाने विगनला जाऊ दिले होते. त्याची कागदपत्रे चोख होती.