रामाकोन्याची संत्री

भाऊबीज आटोपली की जबलपुरातील आमच्या घरी मुलांचा एकच धोशा सुरू होतो : "रामाकोन्याला कधी जायचे?" हिमाचलातील मुले सफरचंदे तोडतात, तशी आमची मुले काकाजींच्या बागेत संत्री तोडतात.

छिंदवाडा मागे टाकून सातपुड्याचा घाट उतरला की हवा बदलते आणि कानांवर मराठी पडू लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्याचे वाण मात्र दोन्हीकडे एकच. २०१५ पर्यंत रामाकोन्याला अरुंद रुळांची चिमुकली गाडी येई. आता रूळ रुंद झाले; मुलांना आम्ही अजून जुन्या गाडीच्याच गोष्टी सांगतो.

यंदा बागेत पोहोचलो तेव्हा फांद्या फळांनी वाकलेल्या, त्यांना बांबूंचे टेके दिलेले. काकाजींनी मुलांना बहार समजावून सांगितला. हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडले की झाड फुलते. तो आंबिया बहार. त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतात. पावसाच्या आरंभी फुलतो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारीपासून पुढे. आंब्यासारखे संत्रे अढीत पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच.

"आणि ओढू नका रे पोट्टेहो, कातरा!" साल सैल असते. हिसडा दिला तर ती देठाशी फाटते आणि तेथूनच फळ सडू लागते.

एवढे ऐकून मुले पांगली. तासाभराने ती टोपली मिरवीत आली, तेव्हा काकाजींचा चेहरा उतरला. सगळा बहार त्यांनी महिन्यापूर्वीच व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. घरासाठी राखले होते ते विहिरीजवळचे एकच झाड. हे आम्हांला ठाऊक होते, मुलांना सांगायचे मात्र आम्हीच विसरलो होतो.

"आजोबा, बाग तर तुमचीच ना?" धाकटीने विचारले.

"झाडे माझी, बेटा. फळे त्यांची."

काकाजींनी टोपली उपडी करून संत्री मोजायला लावली. बेचाळीस भरली. व्यापाऱ्याचा माणूस हसून म्हणाला, "असू द्या काकाजी, लेकरेच आहेत." काकाजी ऐकेनात. भाव विचारून त्यांनी पैसे त्याच्या हातावर ठेवले. गारपीट झाली, फळगळ झाली, तर नुकसान त्याचे. मग चांगल्या दिवशी त्याच्या फळाला हात कसा लावायचा, एवढेच ते बोलले. आम्ही पैसे देऊ केले, तेही त्यांनी घेतले नाहीत.

दुपारी विहिरीजवळच्या झाडाखाली भाकरी, वांग्याची भाजी आणि संत्री असे जेवण झाले. धाकटीने त्या झाडाचे पहिले फळ देठ राखून नीट कातरले आणि सोलण्यापूर्वी विचारले, "हे आपलेच ना?" काकाजींनी मान डोलावली, तेव्हाच तिने साल काढली.

परतीच्या वाटेवर, घाट चढताना, गाडीभर संत्र्याचा वास दरवळत होता. शाळेत नीतिपाठ असतातच. पण आपल्याच बागेत फळाला हात लावण्यापूर्वी विचारावे लागते, हा धडा मुलांसह आम्हीही रामाकोन्यालाच शिकलो.